डेली डिस्पोजेबल (रोज नवी घालून फेकायच्या) कॉन्टॅक्ट लेन्स: काही महिने वापरल्यावर

लेन्स चांगल्या आहेत, हे आधीच सांगतो, कारण पुढे चिडचिडच जास्त आहे. या वेळच्या ऑर्डरमध्ये नंबर बरोबर, पण बेस कर्व्ह (बीसी, म्हणजे लेन्सच्या आतल्या बाजूचा बाक) ८.५ च्या जागी ९.० आला. दुकानवाला म्हणे, नंबर तोच आहे ना साहेब, घाला की. अहो, ९.० ची लेन्स जास्त चपटी असते, ती माझ्या डोळ्यात सैल बसते, पापणी मिटली की सरकते आणि क्षणभर सगळं धूसर! बरीच हुज्जत घातल्यावर बदलून दिला, तोही सील फोडलं नव्हतं म्हणून. तेव्हा पॉवर (नंबर), बीसी, डाया (लेन्सचा व्यास) तिन्ही वाचूनच बॉक्स उघडा. (माझा चष्मा उणे ५ चा आणि लेन्स उणे ४.७५ ची आहे, ते मात्र बरोबरच आहे, लेन्स डोळ्याला चिकटून असते म्हणून मोठ्या नंबरात एवढा फरक पडतो.)

आता ते फॉइल. इतकी नाजूक लेन्स बनवणाऱ्यांना धड झाकण बनवता येऊ नये? हळू ओढलं तर हलत नाही, जोर लावला तर फटकन निघतं आणि आतलं पाणी शर्टावर. कधी लेन्स फॉइललाच चिकटून वर येते, मग नखाने खरवडायचा मोह होतो आणि नख लागलं की फाटलीच समजा. त्यात बोट ओलं झालं की लेन्स बोट सोडून डोळ्यात जायला तयार नाही. उघडण्याआधी पाकीट जरा हलवून घेतलं की चिकटणं कमी होतं, एवढाच उपाय सापडलाय.

रोज एक जोडी फेकायची म्हणजे निव्वळ उधळपट्टी, असं सुरुवातीला वाटायचं. मग हिशोब मांडला. मंथलीचा, म्हणजे महिनाभर वापरायच्या लेन्सचा, महिना उघडल्या दिवसापासून मोजतात, तुम्ही घाला नाहीतर नका घालू. मी घरात चष्माच लावतो, म्हणजे ती बिचारी निम्मा महिना डबीतच काढणार, वर लेन्स धुवायचं-ठेवायचं सोल्युशन, नवी डबी, सोल्युशनचीही उघडल्यावर मुदत. रोज घालणाऱ्याला मंथली स्वस्त पडत असेल, माझ्यासारख्याला डेलीच.

शिवाय मंथलीत दुसऱ्या आठवड्यापासून जे चुरचुरायला लागायचं ते बंद झालं, कारण अश्रूंमधलं प्रोटीन लेन्सवर साचायला वेळच मिळत नाही. ॲलर्जीवाल्यांना डॉक्टर डेली सुचवतात ते याचसाठी. एकदा बेसिनमध्ये पडली, सरळ नवी उघडली, धुवायची भानगड नाही. आणि नळाच्या पाण्याने धुवायचीही नसते, त्यात अकँथामिबा नावाचा सूक्ष्मजीव असू शकतो, त्याचा संसर्ग क्वचितच होतो पण झाला तर बुबुळाची वाट लागते.

आतला कंजूष अजून विचारतो, आजची उद्या घातली तर? नाही घालायची, एकदाच वापरायला बनवलीये. काढली की कचऱ्याच्या डब्यात, बेसिन-कमोडमध्ये सोडू नका, शेवटी प्लास्टिकच ते.