जीव्हायझर, आठ महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या साइटवर कॉलेजची मुलं ब्राउझरमध्ये पायथन लिहितात आणि तो कोड आमच्या सर्व्हरवर चालतो. कोण काय लिहील याचा नेम नाही. आधी साधा डॉकर होता, म्हणजे प्रत्येकाचा कोड वेगळ्या बंद डब्यात, कंटेनरमध्ये, चालवणारं साधन. पण त्यातले सगळे कंटेनर होस्टचाच, म्हणजे मूळ सर्व्हरचाच, कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) वापरतात. २०१९ मध्ये रनसीतली, म्हणजे डॉकरसाठी कंटेनर सुरू करणाऱ्या प्रोग्रॅममधली, त्रुटी उघड झाली, तेव्हा कंटेनरमधला रूट (सर्वाधिकार असलेला वापरकर्ता) होस्टवरची रनसीची फाइलच बदलू शकत होता. हे वाचल्यापासून माझ्या जिवाला घोर लागला होता. म्हणून कंटेनर आणि होस्टचा कर्नल यांच्यामध्ये आडभिंत घालणाऱ्या गूगलच्या जीव्हायझरवर आलो.

बसवायला सोपं आहे. रनसीच्या जागी जीव्हायझरचा रनएससी हा रनटाइम (कंटेनर चालवणारा भाग) डॉकरला जोडला, इमेज (कंटेनर बनवायचे साचे) त्याच राहिल्या. मुलांच्या कोडचे सिस्टिम कॉल (कर्नलकडे केलेल्या मागण्या) आता सेंट्री नावाचा, गो भाषेत लिहिलेला भाग स्वतः हाताळतो. होस्टच्या कर्नलपर्यंत मोजकेच, ठरलेले कॉल पोचतात.

नुसत्या आकडेमोडीत वेगाचा फरक जाणवत नाही. पांडाज ही डेटा हाताळायची पायथन लायब्ररी इम्पोर्ट करताना मात्र ढीगभर लहान फाइली उघडाव्या लागतात, तिथे ते रखडतं. त्यावर उपाय म्हणून पांडाज आधीच लोड केलेले चार कंटेनर तयार ठेवतो. एकदा वापरला की टाकून द्यायचा.

तिसऱ्या महिन्यात एकदा रात्री अकराला डिस्क भरली. एका मुलाचं 'व्हाइल ट्रू', म्हणजे कधीच न थांबणारा लूप, आत प्रिंट. आमची दहा सेकंदांची मुदत होती, पण ती संपल्यावर मरत होती फक्त 'डॉकर रन' ही कमांड. कंटेनर मागे चालूच. प्रिंट झालेलं सगळं डॉकरच्या लॉगफाइलमध्ये जात राहिलं, आणि त्या नेहमीच्या लॉगफाइलला आपण घातल्याशिवाय आकाराची मर्यादा नसते. जीव्हायझरने आपलं काम चोख केलं होतं, कोड बाहेर पडला नव्हता. चूक सर्वस्वी आमची.

आता मुदत संपली की कंटेनर नावानिशी मारतो. लॉग बंद, आउटपुट ६४ केबीला कापलेलं, मेमरीला मर्यादा. मुदत घड्याळाची ठेवा, सीपीयूच्या वेळेची नको. स्लीप लावून बसलेला कोड सीपीयू खात नाही, पण जागा अडवतो. आणि नेटवर्क तोडाच. क्लाउडवर १६९.२५४.१६९.२५४ या पत्त्यावरून आतल्या कोडला मशीनच्या चाव्या (गुप्त प्रवेश-परवाने) मिळू शकतात.

त्या मुलाला दुसऱ्या दिवशी मेल केला. लूप थांबवायचा कसा, हेच त्याला उमगलं नव्हतं. तेव्हापासून आउटपुट कापलं गेलं की खाली मराठीत ओळ येते: 'लूप थांबत नाहीये, अट तपासा.'