संध्याकाळी साडेसातला पाहिलेली लेन्स

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये मी मामियाची ८० मिमी, एफ १.९ ही जुनी लेन्स ३८,००० रुपयांना विकत घेतली आणि फसलो. पैसे गेले याचे वाईट वाटतेच, पण विक्रेत्याने जी युक्ती वापरली ती मीडियम फॉरमॅट (म्हणजे ३५ मिमीपेक्षा मोठ्या सेन्सरच्या) डिजिटल कॅमेऱ्यावर जुन्या लेन्स लावणाऱ्या कोणावरही चालण्यासारखी आहे, म्हणून सगळा प्रकार बारकाव्यांसह लिहून ठेवतो आहे.

माझ्याकडे फुजीफिल्मचा जीएफएक्स ५० आर हा कॅमेरा आहे, तोही वापरलेलाच घेतलेला. त्याचा सेन्सर ४३.८ × ३२.९ मिमीचा आणि ५.१४ कोटी पिक्सेलचा आहे. या कॅमेऱ्याच्या नव्या ऑटोफोकस लेन्सच्या किमती लाखाच्या बऱ्याच पुढे जातात, आणि मी किल्ल्यांची छायाचित्रे हौसेने काढणारा, पगारावर जगणारा माणूस आहे. त्यामुळे फिल्मच्या काळातील, हाताने फोकस करायच्या लेन्सकडे वळणे ओघानेच आले. मामिया ६४५ कॅमेऱ्यात लेन्सच्या बसणीपासून फिल्मपर्यंतचे अंतर ६३.३ मिमी असे, कारण मध्ये आरशाला जागा लागत असे. जीएफएक्सला आरसाच नाही, त्यामुळे हेच अंतर २६.७ मिमी आहे. उरलेली ३६.६ मिमीची पोकळी भरून काढणारी धातूची नळी म्हणजे अ‍ॅडॅप्टर. तिच्यात ना काच असते, ना विजेचे संपर्कबिंदू. कॅमेऱ्याच्या मेनूत ‘शूट विदाउट लेन्स’ चालू करायचे, लेन्सवरचा ‘ए-एम’ खटका ‘एम’वर ठेवायचा, म्हणजे रिंग फिरवताच अपर्चरची, म्हणजे प्रकाश आत सोडणाऱ्या छिद्राची, पाती मिटू लागतात, आणि पन्नासएक वर्षांपूर्वीच्या रचनेची काच आजच्या सेन्सरवर काम करू लागते. ३५ मिमीच्या हिशेबात ही लेन्स साधारण ६३ मिमीसारखा दृश्यकोन देते, आणि एफ १.९ इतके मोठे अपर्चर (आकडा जितका लहान, तितके छिद्र मोठे) मीडियम फॉरमॅटमध्ये दुर्मीळ असल्याने तिला मागणीही चांगली आहे.

जाहिरात जुन्या वस्तूंच्या खरेदी-विक्रीच्या एका संकेतस्थळावर होती. विक्रेत्याने सांगितले की गिरगावात त्याच्या मामांचा स्टुडिओ होता, मामा गेले, आणि सामान कपाटात पडून आहे. बोलणे अतिशय अदबीचे होते. “सर, एन्क्वायरी खूप येतायत, पण मामांची वस्तू कदर करणाऱ्याच्या हातात जावी असं वाटतं,” हे त्याचे वाक्य मला अजून जसेच्या तसे आठवते, कारण ते ऐकल्यावर मी किंमत पाडून मागायला संकोचलो. ४२,००० सांगितलेले होते. अ‍ॅडॅप्टरसह ३८,००० वर त्याने स्वतःच आणले.

लेन्स दूरवर फोकस होते का, हे मी विचारले होते, आणि हा माझा एकमेव शहाणपणाचा प्रश्न होता. उत्तरादाखल त्याने मरीन ड्राइव्हच्या रात्रीच्या दिव्यांची तीन छायाचित्रे पाठवली आणि ती अपर्चर पूर्ण उघडून काढल्याचे सांगितले. दोन व्हॉट्सअ‍ॅपवरून आली, म्हणजे आकुंचन पावून, आतील सर्व नोंदी गळून. तिसरे, मी मागितले म्हणून, मूळ आकारात ड्राइव्हवर टाकले. मी ते संगणकावर शंभर टक्के मोठे करून कोपरान् कोपरा पाहिला आणि खूश झालो. फाइलवर राइट-क्लिक करून तिची माहिती पाहणे मात्र मला सुचले नाही.

भेट त्याने दादरला ठरवली, स्टेशनाजवळच्या एका उडुपी हॉटेलात, संध्याकाळी साडेसातला. दुपारी जमेल का असे मी विचारले, तर नोकरीमुळे त्याला संध्याकाळीच सवड होती. बाहेर पाऊस असा कोसळत होता की महागडा कॅमेरा फुटपाथवर काढण्याचा प्रश्नच नव्हता. ट्यूबलाइटच्या उजेडात, समोर इडलीची ताटली सरकवून, आम्ही लेन्स पाहिली. बाहेरचे धातूकाम झकास होते, फोकसची रिंग लोण्यासारखी फिरत होती, आणि अपर्चरची पाती कोरडी ठणठणीत होती. पाती त्याने स्वतःच, मी न सांगता, चार वेळा उघडून मिटून दाखवली. मोबाइलचा टॉर्च त्याने काचेवर पुढून मारला. हिरवट-जांभळ्या रंगाची सुंदर चमक दिसली. मग मी कॅमेऱ्यावर लेन्स चढवून समोरच्या टेबलावरच्या आजोबांचा, त्यांच्या परवानगीने, एक फोटो काढला. अंतर दीडेक मीटर असेल. पापण्यांचे केस मोजता येत होते. मी २,००० आधी दिलेले होते, उरलेले ३६,००० तिथेच यूपीआयने पाठवले.

दोन दिवसांनी पुण्यात उघडीप मिळाली. आमच्या गच्चीवरून सिंहगडावरचा टॉवर स्वच्छ दिसतो. लेन्सची रिंग इन्फिनिटीच्या, म्हणजे सर्वांत दूरच्या फोकसच्या, खुणेला टेकली, पण टॉवर भुरकटच राहिला. फोकस जवळ आणत आणत पाहिले, तर आणखी बिघडला. मग उलट दिशेने शोधत गेलो, तेव्हा लक्षात आले की रिंग शेवटच्या टोकाला असताना जी वस्तू सर्वांत स्पष्ट दिसते ती शेजारच्या इमारतीची पाण्याची टाकी आहे, सुमारे वीस मीटरवरची. त्यापलीकडचे सारे जग या लेन्सला वर्ज्य होते.

माझा पहिला संशय अ‍ॅडॅप्टरवर गेला, कारण विक्रेत्याशी बोलताना त्यानेही तत्परतेने तेच सुचवले. व्हर्निअर या सूक्ष्म मोजपट्टीने नळीची लांबी तीन ठिकाणी मोजली: ३६.५५ मिमी. स्वस्त अ‍ॅडॅप्टर मुद्दाम केसभर कमी जाडीचे करतात, म्हणजे लेन्स इन्फिनिटीच्या थोडी पलीकडे जाते आणि गिऱ्हाईक तक्रार करत नाही. तेव्हा नळी निर्दोष होती. दोष लेन्समध्येच होता. ८० मिमीच्या लेन्सचे भिंग तिच्या खऱ्या जागेपासून अवघे ०.३२ मिमी पुढे राहिले, तरी तिची नजर वीस मीटरवर संपते, असा साधा हिशेब आहे. मात्र टेबलापलीकडच्या चेहऱ्यावर हा दोष कधीच उघडा पडणार नाही, कारण तिथे फोकस करताना रिंग टोकापर्यंत जातच नाही.

शहरातील एका वयस्कर दुरुस्तीवाल्यांकडे ती घेऊन गेलो. त्यांनी लेन्स हातात घेतली, कॅमेऱ्यावर चढवायच्या आधीच उलटी धरली आणि म्हणाले, “अहो, हिचं पोट आधीच कोणीतरी उघडलंय.” मागच्या स्क्रूंच्या खाचा चेपलेल्या होत्या आणि काळा रंग उडून पितळ दिसत होते. आतील काच धरून ठेवणाऱ्या कड्यावर, योग्य पान्याऐवजी शाळेच्या कंपासपेटीतील कर्कटक वापरल्यासारखे, दोन लांब ओरखडे होते. मग त्यांनी दिवा घालवला आणि बारीक टॉर्च लेन्सच्या मागून तिरका धरून मला पुढून पाहायला सांगितले. आतल्या एका भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा उजळल्या. दुरुस्तीवाल्या काकांनी समजावले ते असे: बुरशी होती, कोणीतरी लेन्स खोलून ती पुसली, पण बुरशीतून पाझरणाऱ्या आम्लाने तोवर कोटिंग, म्हणजे काचेवरचा पातळ लेप, खाल्लेले होते, आणि ते पुसून परत येत नाही. पुन्हा जोडताना फोकसच्या आट्यांची सांगड चुकली, किंवा इन्फिनिटीचा अडसर नीट बसवला नाही. टॉर्च पुढून मारला की कोटिंगची चमक डोळ्यांत भरते आणि आतले व्रण दिसत नाहीत. मागून मारला की लपायला जागा राहत नाही.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. मुंबई-कोकणच्या दमट हवेत बुरशी कोणाच्याही लेन्सला लागते, आणि ‘आत थोडी बुरशी आहे’ असे स्पष्ट लिहून निम्म्या भावात विकणारे सज्जन विक्रेते मी पाहिलेले आहेत. माझी तक्रार बुरशीबद्दल नाही, ती लपवण्यासाठी मांडलेल्या बैठकीबद्दल आहे.

घरी आल्यावर मी ड्राइव्हवरची ती फाइल पुन्हा उघडली आणि या वेळी तिची माहिती वाचली. अ‍ॅडॅप्टरमधून कॅमेऱ्याला अपर्चरचा आकडा कळण्याची सोयच नसते, त्यामुळे अशा फोटोत तो खरा नोंदला जाऊच शकत नाही. इथे मात्र व्यवस्थित एफ १.७ लिहिलेले होते आणि लेन्सच्या रकान्यात फुजीच्याच नव्या ८० मिमी ऑटोफोकस लेन्सचे नाव होते. एफ १.९ पेक्षा जास्त उघडूच न शकणाऱ्या लेन्सने एफ १.७ वर काढलेले छायाचित्र चार दिवस माझ्याच संगणकात पडून होते, आणि मी त्याची धार वाखाणत बसलो होतो.

त्यानंतर मी लेन्सच्या पुढच्या कड्यावरील क्रमांक हाताशी धरून जुन्या जाहिराती चाळल्या. चार महिन्यांपूर्वीच्या एका जाहिरातीत तोच क्रमांक सापडला, दुसऱ्याच कोणाच्या नावाने आणि दुसऱ्याच शहरातून: “आत बुरशी, इन्फिनिटी मिळत नाही, सुट्या भागांसाठी, ९,०००.” म्हणजे गिरगावचे मामा मुळात नव्हतेच.

विक्रेत्याला मी फोटो आणि पुरावे पाठवले. “लेन्स तर तुम्हीच तपासून घेतलीत ना सर?” एवढे उत्तर आले आणि नंबर ब्लॉक झाला. वकील मित्राने सांगितले की ग्राहक म्हणून दाद मागायची तर समोरचा माणूस व्यापारी असावा लागतो, आणि घरातले जुने सामान काढणारा भाचा हे सोंग त्यासाठी फारच सोयीचे आहे. त्याचा हा धंदाच आहे हे मला सिद्ध करावे लागले असते. मी तो नाद सोडला. काकांनी ३,५०० रुपयांत इन्फिनिटी जुळवून दिली. आता टॉवर स्पष्ट दिसतो, पण सूर्य समोर असला की साऱ्या फोटोवर दुधाची साय धरल्यासारखी होते.

आता जुनी लेन्स पाहायला जाताना मी माझाच, मोजलेल्या जाडीचा अ‍ॅडॅप्टर नेतो आणि खिशात बारीक टॉर्च ठेवतो. भेट दिवसाउजेडी आणि जिथून किमान अर्धा किलोमीटर दूरचे काही दिसते अशाच जागी ठरवतो. एखादा उंच मोबाइल टॉवर किंवा देवळाचा कळस पुरतो. अपर्चर पूर्ण उघडे ठेवून, चित्र मोठे करून, रिंग टोकाला नेतो. निघण्याआधी क्रमांकाचा फोटो मागवून तो शोधून पाहतो, आणि नमुन्याचे छायाचित्र मूळ फाइलच्या रूपातच घेतो. या सगळ्याला वीस मिनिटे लागतात आणि काही विक्रेत्यांना त्याचा राग येतो, तो मी येऊ देतो.

फेब्रुवारीत त्याच संकेतस्थळावर एक जाहिरात दिसली. मामियाचीच १५० मिमी लेन्स होती, आणि या वेळी स्टुडिओ काकांचा होता, परळचा. लाकडी टेबलावर लेन्स ठेवून काढलेल्या फोटोतील टेबलाचा तडा मी ओळखला. मित्राच्या नंबरवरून निरोप पाठवला की लेन्स घ्यायची आहे, रविवारी दुपारी बारा वाजता शिवाजी पार्कवर भेटू. अर्ध्या तासात उत्तर आले: “सॉरी सर, मला संध्याकाळीच वेळ असतो. दादरला जमेल का?”