बॉक्स स्प्रिंगला मधला पाय: सातपूरची फ्रेम आणि रविवार कारंज्याचं कव्हर

दीर-जाऊबाई अमेरिकेतून कायमचे परतले, तेव्हा कंटेनरमधून त्यांची क्वीन साइझ गादी आणि तिच्याखालचा बॉक्स स्प्रिंग आमच्या नाशिकमधल्या इंदिरानगरच्या घरी आला. पलंगाची चौकट तिकडेच कुणाला तरी देऊन टाकलेली. ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी: लाकडी खोका, आत पोलादी स्प्रिंगा, वरून कापड, जाडी ९ इंच. गादी त्याच्यावर बसते.

शोरूमवाले म्हणाले, आमचा स्टोरेजचा पलंग घ्या, प्लायवर ठेवून द्या. पण इथला क्वीन पलंग बहुतेक ६० × ७८ इंचांचा आणि हा खोका ६० × ८०, म्हणजे तो आत बसणारच नाही. बसला असता तरी उंचीचं काय? पलंग १६, खोका ९, गादी १०, झाले ३५ इंच. सासूबाईंनी दुपारी पाठ टेकायला स्टूल लावून चढायचं का? शिवाय बॉक्स स्प्रिंगला खाली अखंड फळी लागतही नाही. कडेला चारी बाजूंनी आधार आणि मधोमध जमिनीला टेकणारं काहीतरी, एवढंच लागतं.

म्हणून सातपूर एमआयडीसीतल्या एका छोट्या फॅब्रिकेटरकडे गेलो. खिडक्यांच्या जाळ्या आणि गेट बनवणारा माणूस, पलंगाचं काम त्याच्याकडे क्वचितच येतं. ह्यांनी वहीत चौकट काढून नेली होती, चार कोपऱ्यांना चार पाय. त्याने चष्मा वर सारून ती पाहिली आणि म्हणाला, "साहेब, पाच फूट रुंदी आहे. मधी पाय नाय दिला तर वरसात झोळी होईल." मग त्यानेच डोक्यापासून पायथ्यापर्यंत एक उभा पाईप टाकला, त्याला खाली दोन पाय दिले आणि वरून चार आडवे पाईप. दीड इंची चौकोनी पाईप, १६ गेज. प्रत्येक पायात नट वेल्ड करून खाली रबरी टोपीचा बोल्ट बसवला, म्हणजे तो फिरवून उंची वरखाली करता येते. आमची फरशी जुनी, खिडकीकडे चांगली दोन सूत उतरलेली. मधला पाय अधांतरी राहिला तर तो असून नसल्यासारखाच, हे त्याला न सांगता कळलं, याचं मला फार कौतुक वाटलं. फ्रेम दोन तुकड्यांत केली, नटबोल्टने जोडायची, नाहीतर आमच्या जिन्याच्या वळणावर ती अडकलीच असती. पाय ६ इंचांचे ठेवले, पोछा सहज आत जातो. लोखंडाचा भाव किलोवर, मजुरी आणि रंग धरून. सगळं मिळून ५,२०० रुपये झाले.

तक्रार एकच: रंग धड वाळायच्या आत माल घरी पाठवला. खोलीत कितीतरी दिवस ऑइलपेंटचा वास होता आणि सासूबाईंनी त्याबद्दल मलाच ऐकवलं.

आता कव्हर. जाऊबाईंना तिकडच्यासारखी झालर हवी होती. झालरीचं वरचं कापड गादी आणि बॉक्सच्या मध्ये जातं, म्हणजे प्रत्येक धुण्याला गादी उचला. नाशिकच्या धुळीत, त्यात सिंहस्थाच्या कामांसाठी रस्ते खणलेले असताना, हे कोण करणार? त्यापेक्षा नुसत्या चारी बाजूंना गुंडाळायची इलॅस्टिकची पट्टी बरी. रविवार कारंज्याजवळच्या सोफावाल्याने ती शिवून दिली, जाड कॉटनमध्ये. कापड आधी भिजवून वाळवूनच द्या, नाहीतर पहिल्या धुण्यात आटतं आणि कोपरे उघडे पडतात.

पूर्ण चेनवालं, सहाही बाजू झाकणारं कव्हर खरं तर ढेकणांसाठी असतं. जुना, वापरलेला बॉक्स घेत असाल तर तेच घ्या, आणि चेन शेवटपर्यंत बंद होते ना ते बघा. आमच्या बॉक्सला त्याची गरज नव्हती.

बॉक्सच्या पोटाशी काळं पातळ नॉनवोव्हन कापड असतं, सोफ्याखाली असतं तेच. आमचं प्रवासात फाटलं होतं. सोफावाला म्हणाला, रेक्झिन मारून देतो, कायमचं काम. मी नको म्हटलं. जुलै-ऑगस्टमध्ये इथे कपाटातल्या चपलांना बुरशी धरते, तिथे लाकडाच्या खोक्याला खालून हवा लागली पाहिजे. कुरकुरत का होईना, त्याने तसंच नॉनवोव्हन स्टेपल करून दिलं. काम स्वच्छ, पिना सरळ रेषेत. दिलेल्या तारखेला मात्र काही मिळालं नाही.

फॅब्रिकेटरला पाचपैकी साडेचार, सोफावाल्याला साडेतीन. बॉक्सशिवाय नुसती फोमची गादी अशा फ्रेमवर टाकायची असेल, तर आमची रचना उचलू नका. चार आडव्या पाईपांवर फोम लोंबेल. तिथे लाकडी पट्ट्या घ्या आणि दोन पट्ट्यांमधली फट तीन इंचांच्या आत ठेवा.