मेटफॉर्मिन चालू, पायाला मुंग्या: मासे, गोळी की इंजेक्शन?

देवगडला माझी आई नऊ वर्षं मधुमेहावरची मेटफॉर्मिन ही गोळी घेते. गेल्या पावसाळ्यात वहाण पायातून कधी निसटली ते तिला कळेना. घरात निदान झालंच होतं: साखर पायात उतरली. रक्त तपासलं तर बी-१२ जीवनसत्त्व तळाला गेलेलं.

हे औषध बरीच वर्षं घेतलं की काही जणांच्या आतड्यात बी-१२ नीट शोषलं जात नाही. मुंग्या, बधिरपणा ही लक्षणं मधुमेहाने नसा बिघडल्यावरही अशीच दिसतात. म्हणून आधी तपासणी, आणि मेटफॉर्मिन आपल्या मनाने बंद करायचं नाही.

"आम्ही रोज मासे खातो, आम्हाला कसली कमतरता?" हे आईचं पहिलं वाक्य. खरं आहे. तिसऱ्या, कालवं, बांगडा, तारली यांत बी-१२ भरपूर, आणि दिवसाची गरज जेमतेम २ ते २.५ मायक्रोग्रॅम. जून-जुलैची मासेमारी बंदी आणि पाठोपाठ श्रावण आला तरी एरवी फरक पडत नाही, कारण यकृतातला साठा वर्षानुवर्षं पुरतो. अडचण ताटात नाही, आतड्यात आहे. त्यामुळे मासे खात राहावेत, पण पडलेला खड्डा त्यांनी भरेल यावर मी विसंबणार नाही. शिवाय एकशिपी (तिसऱ्यांचं कालवण) झाली की भात दोनदा वाढला जातो, तो साखरेचा हिशेब वेगळाच.

बी-१२ची गोळी इथे सरस. १००० मायक्रोग्रॅमच्या गोळीतला साधारण १ टक्काच नेहमीची वाट सोडून थेट रक्तात झिरपतो, पण तेही १० मायक्रोग्रॅम होतात. स्वस्त, आणि एसटीची वाट बघायला नको. बधिरपणा वाढला असेल किंवा पातळी फारच खाली असेल तर डॉक्टर सहसा इंजेक्शनपासून सुरुवात करतात. आईचं तसंच झालं, गोळ्या नंतर आल्या. नुसती फॉलिक ॲसिडची गोळी मात्र फसवते: रक्त सुधारतं, नसांचं नुकसान चालूच राहतं.

मेटफॉर्मिनने पोट बिघडण्याचा त्रास असेल तर प्रश्न तिची साधी गोळी की एसआर (औषध हळूहळू सोडणारी), एवढाच. एसआर बहुतेकांना सोसते. जेवणाबरोबर घ्या, कुटू नका. शौचात तिचं मऊ टरफल दिसलं तर घाबरू नका, औषध आत उतरलेलं असतं.

कारल्याचा रस, मेथी, जांभळाच्या बियांची पूड यांनी बी-१२ची कमतरता भरून निघत नाही. सोबत ग्लिमेपिराइड (साखर उतरवणारी दुसरी गोळी) असेल तर उलट रक्तातली साखर जास्तच उतरू शकते: दरदरून घाम, हात थरथरणं. तेव्हा ३ चमचे साखर पाण्यात घालून प्यायची, १५ मिनिटांनी पुन्हा मोजायची.

आई ग्लिमेपिराइडही घेते. जांभळाच्या पुडीचं तिने दवाखान्यात कधी सांगितलंच नव्हतं. पुढच्या खेपेला मी तो स्टीलचा डबाच पिशवीत घालून नेला. डॉक्टरांनी रिपोर्ट बाजूला ठेवून आधी त्याचं झाकण उघडलं.