रिबमध्ये खांद्याचा उतार: सिल्व्हर रीड एसआरपी६०एन रिबर

सिल्व्हर रीडच्या एसके२८० या विणकामाच्या मशीनला जोडायचा हा रिबर, म्हणजे रिब विणण्यासाठीचा सुयांचा दुसरा बेड, कसा आहे, ते बॉर्डर विणून कळत नाही. बॉर्डर कुठलाही रिबर काढतो. अंगभर रिब असलेल्या स्वेटरच्या खांद्यावर त्याचा कस लागतो, कारण तिथे काही सुया थांबवून बाकीच्याच विणायच्या असतात, आणि तेही दोन्ही बेडवर.

तिथे हा रिबर सरस आहे. सुयांवरून सरकत विणणाऱ्या मेन कॅरेजसारखे रसेल लीव्हर (सुया थांबवायच्या की विणायच्या ते ठरवणारे) रिबरच्या कॅरेजवरही आहेत. ते ‘एक’वर ठेवले की डी पोझिशनला, म्हणजे पूर्ण पुढे, ओढलेल्या सुया विणल्या जात नाहीत. ब्रदर कंपनीच्या केआर-८५० रिबरला कॅरेजवर ही सोय नाही. तिथे टाके नायलॉनच्या दोरीने हाताने विणून सुया ए पोझिशनला (पूर्ण मागे, कामाबाहेर) न्याव्या लागतात. एका खांद्यापुरतं चालतं, शॉल कॉलरला जीव नकोसा होतो.

एक सुलट एक उलट रिब धरू. खांद्याला ३६ टाके, मेन बेडवर १८ आणि रिबरवर १८, उतार १० ओळींचा. दुसरा खांदा आधीच वेस्ट यार्नवर (नंतर काढून टाकायच्या धाग्यावर) उतरवलेला. दर दोन ओळींना ६ सुया, असं पाच वेळा. कॅरेज मानेच्या बाजूला असताना दंडाकडच्या ५ सुया डीला ओढायच्या, एक ओळ विणायची, मग सहावी ओढून परत यायचं. सहावीभोवती धागा आपोआप गुंडाळला जातो आणि वळणावर भोक पडत नाही. पुढच्या वेळी तसंच त्यांच्या आतल्या सहा. शेवटी मानेकडच्या ६ उरतात. मग सगळे लीव्हर ‘दोन’वर, सगळ्या सुयांवर एक ओळ, आणि वेस्ट यार्नच्या ८-१० ओळी. टाके बंद करत उतार काढला की पायऱ्या दिसतात, तशा इथे दिसत नाहीत.

घोटाळा बहुतेक वेळा लीव्हरचाच. दोन कॅरेजचे मिळून चार, त्यातले रिबरचे दोन विसरले जातात. मग मेन बेड थांबतो, रिबर विणतच राहतो आणि कापड एका अंगाला फुगतं. उसवण्याशिवाय इलाज नाही.

दुसरी भानगड वजनांची. विणली जाणारी बाजू लांबत जाते, वजनं टांगायचा कंगवा तिरका होतो, तिकडचे टाके सैल पडून सुयांवर वर चढतात. म्हणून दर चार ओळींना एक वजन मानेकडे सरकवायचं. थांबलेल्या बाजूचं सगळं काढलं तर तिथले टाके पुढे सरकून सुटतात. सगळं ठेवलं तर ताणून लांबट होतात. कॅरेजही शेवटच्या विणत्या सुईच्या जरा पुढेच न्यायची. फार पुढे नेली की धागा थांबलेल्या सुयांच्या आकड्यांत अडकतो. वळताना मास्टकडून (धागा वरून सोडणाऱ्या दांडीकडून) धागा मागे ओढून ढील काढलीच पाहिजे.

नुसत्या रिबच्या बॉर्डरच काढायच्या असतील तर चालू ब्रदर सेट मोडून याच्या मागे लागू नये. हा रिबर ब्रदरच्या बेडला बसत नाही, मशीनसकट बदलावं लागेल.