पद्मिनीच्या सस्पेन्शनचे बोल्ट आणि नाना पेठेतलं एक दुकान

पप्पांची ८४ ची प्रीमियर पद्मिनी दीड वर्ष झालं उघडून ठेवलीये. इंजिन झालं, डेंटिंग पेंटिंग झालं, आणि मला वाटलेलं सस्पेन्शन म्हणजे सोप्पं काम, पुढे आर्म आणि कॉइल स्प्रिंग, मागे सरळ पाटे, त्यात काय अवघड. पण सगळ्यात जास्त दिवस त्यातच गेले आणि तेही मोठ्या पार्टसाठी नाही, बोल्टसाठी!

झालं असं की मागच्या पाट्यांचे पुढचे बोल्ट बुशच्या (पाट्याच्या टोकाला बसणारं रबरी कडं) आतल्या लोखंडी नळीत, म्हणजे स्लीव्हमध्ये, गंजून एकजीव झालेले. रॉकेल टाकून झालं, ठोकून झालं, शेवटी कापावे लागले. मेकॅनिक म्हणाला घराजवळच्या हार्डवेअरमधून त्याच जाडीचे आण, आणले, बसले पण. गाडी अजून नीट रस्त्यावर पण आली नव्हती, सोसायटीतल्या स्पीडब्रेकरवरून नेली तरी मागून टकटक. परत उघडलं तेव्हा कळलं, त्या बोल्टला डोक्यापासून टोकापर्यंत आटेच आटे. ओरिजिनलला मधला भाग गुळगुळीत असतो आणि तोच भाग ब्रॅकेटच्या भोकात आणि स्लीव्हमध्ये घट्ट बसतो, आटे फक्त नटापुरते. तिथे आटे आले की भोकात खेळ पडतो आणि आट्यांच्या कडा ब्रॅकेटला खातात. ब्रॅकेट बॉडीचा भाग आहे हो, तो गेला तर वेल्डिंग आलं.

मग ऑनलाईन एक 'ओरिजिनल सेट' मागवला. बोल्टच्या डोक्यावर काहीच मार्किंग नाही, ना ८.८ (हा बोल्टच्या ताकदीचा आकडा) ना कंपनीची खूण. परत पाठवला, पैसे मिळायला महिना गेला.

शेवटी एका टॅक्सीवाल्या काकांनी पुण्यातल्या नाना पेठेतलं हे दुकान सांगितलं. नाव लिहीत नाहीये कारण मालकांनीच नको म्हटलंय, माल थोडा उरलाय आणि ज्यांच्याकडे खरंच गाडी आहे त्यांनाच द्यायचाय असं त्यांचं म्हणणं. पेठेत दोन चार स्पेअर पार्टवाल्यांना "पद्मिनीचे जुने काका कुठे बसतात" विचारा, कोणीही बोट दाखवेल.

पहिल्या दिवशी त्यांनी मला काहीच विकलं नाही. म्हणाले, "बाळा, सॅम्पल कुठंय? तोंडी मी बोल्ट देत नाही." मला राग आला, पार्किंगलाच पाऊण तास गेलेला. दुसऱ्या दिवशी कापलेले तुकडे, नट, वॉशर, सगळं पिशवीत घालून नेलं. त्यांनी एकेक तुकडा पुसला, व्हर्नियर लावला, गुळगुळीत भागाची लांबी वेगळी मोजली, आट्यांवर गेज लावला. ते म्हणाले पद्मिनी मुळात फियाटचं डिझाईन म्हणून सगळं मेट्रिक, पण हार्डवेअरमध्ये १० मिमीचा बोल्ट मागितला की १.५ पिचचा (पिच म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर) हातात पडतो आणि १२ चा मागितला की १.७५ चा, बारीक आट्याचा हवा तर तसं सांगून मागावा लागतो. चुकीचा नट बारीक आट्यावर दोन फेरे जातो आणि मग लोक पान्याला पाईप लावून ओढतात, आटे गेले. हे ऐकून मी गप्पच झालो कारण आमच्याकडे नेमकं हेच चाललेलं.

मग माळ्यावरून प्रीमियरचं खोकं आलं. जुन्या ग्रीसमध्ये गुंडाळलेले बोल्ट, डोक्यावर खुणा स्पष्ट. काही मापं नव्हतीच, तिथे त्यांनी खोटं न सांगता नवीन ८.८ चे लांब बोल्ट दिले, ज्यांचा गुळगुळीत भाग पुरेसा होता, आणि उरलेलं टोक लेथवर कापून घ्यायला सांगितलं. पाटे अ‍ॅक्सलला आवळून धरणारे यू बोल्ट मात्र जुने वापरू नको म्हणाले, एकदा ताणले गेले की परत तसे धरत नाहीत. नायलॉकचे (आत नायलॉनचं कडं असलेले, सैल न होणारे) नटही नवीनच. आणि सगळ्यात कामाचं, जे आमच्या मेकॅनिकलाही माहीत नव्हतं: रबरी बुशचे बोल्ट गाडी जॅकवर असताना फायनल टाईट करायचे नाहीत. चाकं जमिनीवर, गाडीचं वजन खाली, मग टाईट. नाहीतर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

तक्रारी पण सांगतो. दुपारी दीड ते चार बंद. फक्त कॅश. रिटर्न नाही, म्हणून तिथेच मोजून घ्या. आणि किंग पिनचा (पुढचं चाक वळतं ती पिन) सेट त्यांच्याकडे होता तो टॅक्सीवाल्यांसाठी बनायचा तो लोकल माल, त्यांनी स्वतःच सांगितलं की हा घेऊ नको, तरी काउंटरवर ठेवलाय हे मला पटलं नाही. मुंबईत ऑक्टोबर २०२३ मध्ये पद्मिनीची शेवटची काळीपिवळी बंद झाली, तेव्हापासून नवीन माल बनवायला कोणी तयार नाही म्हणतात, त्यामुळे ज्यांना लागणारे त्यांनी थांबू नका.

आठ बोल्ट, चार यू बोल्ट, नट वॉशर धरून दोन हजारांच्या आत झालं. मागची टकटक पूर्ण गेली, त्याच स्पीडब्रेकरवरून पप्पांना बसवून तीन वेळा नेली. आता पाट्यांच्या मागच्या टोकाच्या शॅकल पिना राहिल्यात, जुन्या पिना पिशवीत भरून ठेवल्यात, मंगळवारी सकाळीच जाणारे.