घसा सुधारला, आवाजाला मात्र उगाच नावं ठेवली: ८ आठवड्यांच्या ऑनलाइन व्हॉइस कोर्सचा अनुभव

कोर्सचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये. एकतर असे कोर्स आता पोत्याने मिळतात आणि मी चार-पाच ठिकाणचे डेमो बघितले तर सगळ्यांचा साचा एकच, पहिले काही आठवडे श्वास आणि घसा, मग पुढे 'प्रभावी आवाज' की काय ते. त्यामुळे कुठलाही घेणार असाल तर हे वाचून घ्या.

माझं काम दिवसभर हेडफोन लावून बोलायचं. मध्यंतरी आवाज बसला तो बसलाच, महिना झाला तरी उठेना. सकाळी बरा असायचा, दुपारी घोगरा आणि संध्याकाळी नुसती हवा. मी आपली लोकांना त्रास नको म्हणून कुजबुजत बोलायचे आणि दर दोन मिनिटांनी खाकरायचे. डॉक्टरांनी नाकातून बारीक कॅमेरा घालून स्ट्रोबोस्कोपी केली, म्हणजे दिवा असा लुकलुकतो की स्वरतंतूंची हालचाल स्लो मोशनमध्ये दिसते. स्क्रीनवर बघितलं तर दोन पांढरट पट्ट्या एकमेकींवर टाळ्या वाजवतायत आणि नेमक्या आपटतात तिथे सूज. बाईच्या बोलण्यात या टाळ्या सेकंदाला साधारण २०० वेळा पडतात, पुरुषाच्या १००-१२० वेळा. आठ तासांच्या शिफ्टचा गुणाकार मी केला नाही, हिंमत झाली नाही. आणि डॉक्टर म्हणाले ते कुजबुजणं आधी बंद करा, त्याने घशाला आराम मिळत नाही, उलट ताणच पडतो. त्यांनीच सांगितलं आवाजाचे व्यायाम शिकून घ्या, म्हणून हा कोर्स.

पहिले चार आठवडे एक नंबर. खरंच सांगते, एवढ्यावर थांबले असते तर पाचपैकी पाच दिले असते.

यातली सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे स्ट्रॉ. ग्लासात चार बोटं पाणी घ्यायचं, स्ट्रॉचं टोक जेमतेम बुडवायचं आणि फुंकता फुंकता 'ऊ' काढायचा, बुडबुडे एकसारखे यायला पाहिजेत. ऐकायला येडपटपणा वाटतो (माझ्या लेकीने पहिल्या दिवशी विचारलं की आई तू म्हैस झालीस का) पण कारण समजलं तेव्हा पटलं. पुढून वाट अरुंद केली की तोंडातल्या हवेचा दाब उलटा स्वरतंतूंपर्यंत जातो, त्यामुळे ते एकमेकांवर आदळत नाहीत, हलकेच थरथरतात, म्हणजे तालीम तर होते पण मार बसत नाही. तिसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी फोन ठेवला आणि लक्षात आलं की आज एकदाही खाकरले नाही.

दुसरं, पाण्याबद्दल. मला वाटायचं घोट घेतला की घसा ओला होतो म्हणजे स्वरतंतूही ओले होतात. पाणी तिकडे जातच नाही हो, ते अन्ननलिकेत जातं, तिकडे गेलं तर ठसका लागेल! ओलावा अंगातून सावकाश पोचतो, म्हणून पाणी दिवसभर प्यायचं, कॉल सुरू व्हायच्या आधी ढसाढसा नाही. हे इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

इथे शिकवणाऱ्या सरांचं कौतुक करायला हवं. आठवड्यातून एक लाइव्ह कॉल असायचा, त्यात ते नुसतं ऐकून सांगायचे, "मॅडम, खांदे उचलताय." आणि मी खरंच उचललेले असायचे! त्यांनीच मॅन्युएल गार्सिया या गाण्याच्या मास्तरांची गोष्ट सांगितली, १८५४ साली दाताच्या डॉक्टरचा छोटा आरसा घशात धरून, हातातल्या दुसऱ्या आरशाने त्यावर ऊन पाडून त्यांनी स्वतःचेच स्वरतंतू गाताना बघितले. घसा तपासायच्या आजच्या कॅमेऱ्याचं मूळ तिथे. डॉक्टर नव्हे, गाणं शिकवणारा माणूस. आणि हे गृहस्थ जगले १०१ वर्षं.

मग आला पाचवा आठवडा. सर गेले, व्हिडिओ आले, आणि ॲपमध्ये एक काटा आला.

या भागाचा सगळा सिद्धांत एका ओळीचा आहे, आवाज खाली आणा. खाली म्हणजे हळू नव्हे, पट्टी खाली. जितका खर्ज तितका म्हणे आत्मविश्वास. बोलताना काटा वर गेला की लाल, खाली आला की हिरवा. उदाहरणाला ब्रिटनच्या मार्गारेट थॅचर, त्यांनी प्रशिक्षण घेऊन आवाज खाली आणला होता हे खरंच आहे. पण ती गोष्ट ऐकून मला वेगळाच प्रश्न पडला की देशाची पंतप्रधान व्हायला निघालेल्या बाईलाही आधी आवाज बदलावा लागत असेल तर खोट आवाजात आहे का ऐकणाऱ्यांच्या कानात? कोर्समध्ये हा प्रश्न औषधालाही नाही.

तरी म्हटलं पैसे भरलेत तर करून बघू. आठवडाभर मी सगळ्यांशी खालच्या पट्टीत बोलले. नवऱ्याने दोनदा विचारलं बरं नाहीये का. चौथ्या दिवशी वाक्याच्या शेवटी घशात घरघर सुरू झाली आणि पाचव्या दिवशी खाकरणं परत आलं! म्हणजे चार आठवड्यांत कमावलेलं पाच दिवसांत घालवलं. डॉक्टरांना फोन केला तर ते म्हणाले ओढूनताणून खाली बोलणं हाही ताणच, तुमच्या मूळ पट्टीत बोला.

आणि गंमत अशी की हे सगळं कॉलवर छाप पाडण्यासाठी. अहो, साध्या फोन कॉलवर साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ (म्हणजे सेकंदाला तेवढी कंपनं) एवढाच आवाज पलीकडे जातो. पुरुषाची १२० ची मूळ पट्टीसुद्धा फोन पाठवत नाही, वरच्या कंपनांवरून ऐकणाऱ्याचा मेंदू तिचा अंदाज बांधतो. शब्द स्पष्ट पोचवणारं जे असतं ते बरंचसं वरच असतं. ऑपेरावाले माइकशिवाय अख्ख्या वाद्यवृंदावरून ऐकू येतात तेही खर्जाच्या जोरावर नाही, तालमीने त्यांच्या आवाजात ३००० हर्ट्झच्या आसपास एक धार तयार झालेली असते आणि तिथे वाद्यं कमी पडतात. आपल्याकडे 'आवाजाची फेक' म्हणतात ती वेगळी आणि पट्टी वेगळी, कोर्सने दोन्हीचा काला केलाय.

काट्यावर आणखी दोन रंगीत पट्टे आहेत, एक बायकांचा एक पुरुषांचा. गंगूबाई हनगलांना त्यात कुठे बसवणार होते देव जाणे, घशाच्या दुखण्यानंतर आवाज इतका भारी झाला की न बघता ऐकणाऱ्याला पुरुष गातोय वाटावं, आणि त्याच आवाजावर त्या पुढे कित्येक दशकं गायल्या. आणि एक किस्सा तर मला फारच आवडतो. स्कॉट नावाच्या फ्रेंच माणसाने १८६० साली काजळी लावलेल्या कागदावर गाण्याच्या नुसत्या रेघा उमटवून ठेवल्या होत्या, त्या २००८ मध्ये कॉम्प्युटरवर वाजवल्या तर सगळ्यांना वाटलं कुणी मुलगी गातेय. वर्षभराने कळलं की वेग दुप्पट लागला होता. अर्ध्यावर आणला तर पुरुष, बहुतेक स्कॉट स्वतःच!

शेवटी मी एक वात्रटपणा केला. ॲप चालू ठेवून फोन बाथरूमबाहेर ठेवला. आतून लेक ओरडली, "आईईई, टॉवेल!" तीन खोल्या ओलांडून आवाज आला, नवरा हातातलं काम टाकून धावला. ॲपचा निकाल: लाल, आत्मविश्वास कमी, कृपया पट्टी खाली घ्या.

तर पहिल्या अर्ध्याला पाच, दुसऱ्याला एक, तोही फक्त ॲप बंद पडत नाही म्हणून. दिवसभर बोलायचं काम असलेल्यांनी, शिक्षकांनी वगैरे जरूर घ्या, पण आधी विचारा की शिकवणारा माणूस किती आठवडे आहे आणि काटा किती आठवडे. आणि तीन आठवड्यांच्या वर आवाज बसलेला असेल तर कोर्स नंतर, आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा. मी सबस्क्रिप्शन बंद केलंय, स्ट्रॉ आणि ग्लास टेबलावर आहेत, आणि म्हैस आता दोन झाल्यात कारण लेकीलाही ते बुडबुडे काढायचे असतात.